दोनशे ग्रॅमने अपात्र

कुडेटोल्याच्या अंगणवाडीत सुकरी दसरू नैताम या चौदा महिन्यांच्या मुलीचं वजन सलग तिसऱ्या महिन्यात सहा किलो नऊशे ग्रॅम भरलं, तेव्हा सेविका रंजीता गेडाम हिने सर्वप्रथम काट्यावर संशय घेतला. तिने त्याच काट्याला मिठाचे किलो-किलोचे दोन पुडे टांगून पाहिले. काटा बरोबर दोन किलोवर थांबला. सरकारी वस्तू निर्दोष निघाली की दोष लाभार्थ्यात शोधावा लागतो, हे रंजीताला अकरा वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं. तिने सुकरीला पुन्हा झोळीत बसवलं. सुकरी रडली नाही, हातपाय झाडले नाहीत, नुसती छताकडे पाहत लोंबत राहिली. काट्यावरच्या आकड्यापेक्षा रंजीताला तेच जास्त खटकलं.

"ताप येऊन गेला तवापासून असंच हाये बाई," सुकरीची आई मंगली म्हणाली. "मी धानाच्या रोवण्याले जातो, तवा सासूपाशी ठेवतो. दोन घास खाते अन् तोंड फिरवते."

"अन् पाकिटातलं देते का नाई तिले?"

"देतो ना. ते थुकते. मंग कोंबड्यायले टाकतो."

शासनाने लहान मुलांसाठी घरपोच दिलेलं ते गोड पीठ कुडेटोल्यात सगळ्यांनी चाखून पाहिलं होतं. मुलांनी थुंकलं, बकऱ्यांनी हुंगून सोडलं, कोंबड्यांनी मात्र मनापासून स्वीकारलं. गावातल्या कोंबड्यांची वाढ समाधानकारक होती. परंतु कोंबड्या पशुसंवर्धन विभागाकडे येत असल्याने त्यांचं यश महिला व बालविकास विभागाला दाखवता येत नव्हतं.

सुकरीचा बाप दसरू मोहर्लीला एका रिसॉर्टवर भांडी घासायला होता. वाघ पाहून आलेले पाहुणे ताटात जे टाकून उठत, ते खरकट्याच्या पिंपात लोटणं हे त्याचं काम. महिन्यातून एकदा तो घरी येई, लेकीला उचलून घेई आणि म्हणे, "हे तं पाखरावानी हलकी लागते." बापाला ते कौतुक वाटत असे.

आजवर अशा मुलांसाठी रंजीता एकच उपाय करत आली होती. 'मातेस समुपदेशन केले' असं लिहायचं आणि मातेला खरोखरच समुपदेशन करायचं. यंदा मात्र नवं परिपत्रक आलं होतं : 'वजनवाढ समाधानकारक नसलेल्या बालकांना आहारसेवेकडे संदर्भित करणेबाबत.' पाच पानांचं होतं. कोणाला पाठवायचं हे अर्ध्या पानात, आणि कोणत्या नमुन्यात पाठवायचं हे उरलेल्या साडेचार पानांत. तालुक्यातल्या इतर सेविकांनी त्याची पोच देऊन ते जपून ठेवलं. रंजीताने ते शेवटपर्यंत वाचलं. पुढे जे काही झालं, त्याचं मूळ या चुकीत आहे.

तिने मोबाइलवरच्या ॲपमध्ये सुकरीचं नाव भरलं. वजन न वाढण्याचं कारण विचारलं होतं. ताप, जुलाब, जंत, दात येणे, पालकांची उदासीनता अशी नऊ कारणं दिली होती, दहावं 'इतर'. रंजीताने 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं, 'घरात तेल नाही.' ॲपने क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरांत विनंती केली : 'कृपया वैध कारण निवडा.' तेव्हा तिने ताप निवडला. तोही खराच होता. ॲप प्रसन्न झालं आणि मंगळवारची तारीख देऊन मोकळं झालं.

त्याच दुपारी पर्यवेक्षिका नीलिमा मॅडमचा फोन आला.

"रंजीता, तू खरंच संदर्भ पाठवलास?"

"हो मॅडम. परिपत्रकात आहे ना."

"अगं, परिपत्रकात खूप काही असतं. आपल्या तालुक्यात दोनशे चौदा अंगणवाड्या आहेत. दोनशे चौदा निरंक होत्या, एकही संदर्भ नाही. आता दोनशे तेरा झाल्या."

"मॅडम, पोट्टीचं वजन खरंच वाढून नाई राह्यलं."

"ते मला कळतं गं. पण निरंक तालुका म्हणून आपलं नाव वर गेलंय. डिलीट होतं का बघ."

डिलीट होत नव्हतं. ॲप बनवणाऱ्याने मुलं कमी करण्याची सोय ठेवली नव्हती. नीलिमा मॅडमनी सुस्कारा टाकला. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यावर वरून फोन येत, म्हणून त्या खाली फोन करत. "बरं, आता पाठवलंच आहेस तर बंद करून आण," त्या म्हणाल्या. "उघडा संदर्भ चांगला दिसत नाही."

मंगळवारी रंजीता, मंगली आणि सुकरी सकाळच्या बसने तालुक्याला गेल्या. सुकरीने वाटेत दोनदा ओकारी केली. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एका खोलीवर 'आहार व वजन व्यवस्थापन कक्ष' अशी पाटी होती. बाहेर तीन बाक होते. त्यांवर माणसं फक्त सहा होती, पण बाक भरले होते. त्यामुळे मंगली खाली भिंतीला टेकून बसली.

दाराशी टेबल टाकून भैयाजी नावाचे लिपिक बसले होते. पन्नाशीचे, मवाळ, कुणालाही रिकाम्या हाताने परत न पाठवणारे. काही ना काही कागद ते देतच.

"वजनवाढ का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर आलात. मंगळवार वजनवाढीचा, शुक्रवार वजनघटीचा. तसे वजनघटवाले रोजच येतात, त्याईले कोण थांबवणार? तुमचा मात्र पहिलाच नंबर बाई. पहिला म्हणजे आजचा नाही, कक्ष सुरू झाल्यापासूनचा."

"मंग मॅडमले भेटतो," रंजीता म्हणाली.

"आहारतज्ज्ञ स्वाती मॅडम आज नाहीत. जिल्ह्याला कार्यशाळा आहे."

"कायची?"

भैयाजींनी कागद काढून वाचला. "'वजनवाढीसाठी बालके कक्षात का येत नाहीत : कारणे व उपाय.'"

मंगलीने सुकरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. भैयाजींना वाईट वाटलं. "आता एवढ्या दुरून आलात तर वजन तरी करून घेऊ," ते म्हणाले. त्यांनी सुकरीला टेबलावरच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. अंगात स्वेटर, डोक्याला टोपी, कमरेला करदोटा, आणि मंगलीने नुकतंच पाजलेलं दूध पोटात, असं सगळं मिळून सात किलो शंभर भरलं.

"दोनशे ग्रॅम वाढ!" भैयाजी म्हणाले. "अभिनंदन."

"भाऊ, ते कपड्याचं हाये. मी कपडे काढून मोजतो."

"तुम्ही काढून मोजता, आम्ही घालून मोजतो. दोन्ही पद्धती मान्य आहेत." त्यांनी कळ दाबली. पडद्यावर हिरवा चौकोन आला : 'सुधारित. संदर्भ बंद.' त्यांनी त्याची छापील प्रत काढून, शिक्का मारून मंगलीच्या हातात दिली. मंगलीने ती घडी घालून पदरात बांधली. एवढा शिक्क्याचा कागद मिळाला म्हणजे लेकरू बरं होणार, असं तिला वाटलं.

संध्याकाळी सेविकांच्या ग्रुपवर नीलिमा मॅडमचा संदेश आला. तालुक्यातून संदर्भित झालेल्या शंभर टक्के बालकांचं वजन एका भेटीत वाढलं होतं. खाली फुलांचे सहा गुच्छ होते. एकोणपन्नास सेविकांनी टाळ्या वाजवल्या. रंजीताने फोन पालथा ठेवला.

बसच्या ओकाऱ्यांनंतर सुकरीला जुलाब लागले. आठ दिवसांनी रंजीताने तिला झोळीत बसवलं, तेव्हा काटा सहा किलो सहाशेवर आला. तिने लगेच पुन्हा संदर्भ भरायला घेतला. ॲप म्हणालं, 'सुधारित बालकास नव्वद दिवस संदर्भित करता येत नाही.'

तिने नीलिमा मॅडमला फोन लावला. या वेळी तिचा आवाज जरा चढला होता.

"अगं, मग संदर्भाची भानगडच कशाला?" मॅडम म्हणाल्या. "थेट पोषण पुनर्वसन केंद्रात भरती कर ना. तिथे खाट आहे, दूध आहे, आईचीही सोय होते. फक्त मूल तीव्र कुपोषित पाहिजे. उंची किती?"

"एकाहत्तर."

कागद चाळल्याचा आवाज आला. "एकाहत्तरला सहा किलो चारशेच्या खाली पाहिजे. तुझं किती आहे?"

"सहा किलो सहाशे."

"बघ, म्हणजे दोनशे ग्रॅम जास्त आहे."

रंजीताने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे पोट्टी अजून वाळायची वाट पाहू का मी?"

"वाट पाहायची नाही. निरीक्षण करायचं."

ते निरीक्षण म्हणजे काय, हे मंगलीला समजावून सांगताना रंजीताची जीभ अडखळली. मंगलीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मंग बाई, मी तिले खाऊ घालू का नको घालू?"

या प्रश्नाचं उत्तर परिपत्रकाच्या पाच पानांत नव्हतं.

रंजीताने मनाशी ठरवलं की आहारतज्ज्ञ स्वाती मॅडमला गाठायचंच, मग वार कोणता का असेना. ती मंगलीला घेऊन शुक्रवारी गेली. शुक्रवारी कक्षाबाहेर जत्रा होती. जिल्ह्यात 'सडपातळ जिल्हा अभियान' सुरू झालं होतं. अधिकारी, ठेकेदार, त्यांच्या सौभाग्यवती, निवृत्त मंडळी असे सगळे हातात टोकन घेऊन, धापा टाकत, आपला नंबर येण्याची वाट पाहत होते.

"आज कसं घेऊ बाई?" भैयाजी कळवळून म्हणाले. "आज वजनघट. वजनवाढ मंगळवारी. अन् तुमचं तर सुधारित झालंय."

"भाऊ, मागच्या हप्त्यात मंगळवारी सात किलो शंभर होती, तुमच्याच काट्यावर. आज कपडे काढून पाहा."

भैयाजींनी पाहिलं. सहा किलो सहाशे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरला. "म्हणजे पाचशे ग्रॅम घटलं! मग अडचण काय आहे? वजन घटलं म्हणजे वजनघट. शुक्रवारीच बसतं हे." आणि रंजीता काही म्हणायच्या आत त्यांनी सुकरीचं नाव सडपातळ जिल्हा अभियानात नोंदवून टोकन क्रमांक त्रेसष्ट हातात ठेवला. अभियानाचा नियम असा होता की वजनाची टक्केवारी काढायची. सात किलो शंभरातून पाचशे, म्हणजे सात टक्के. अभियानातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लाभार्थ्याने दोन महिने घाम गाळून तीन टक्के घटवले होते.

मंगलीशेजारी बाकावर एक गृहस्थ बसले होते. पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले गुणवंतराव. वजन एकशे आठ किलो. स्वभाव त्याहून मोठा. त्यांच्या हातात आधीच्या आठवड्याचा आहाराचा छापील तक्ता होता आणि तो ते सगळ्यांना वाचून दाखवत होते.

"पाहा बाई, काय काय लिहिलं हाये. सकाळी कुटकीची जावा, म्हंजे पेज. दुपारी कोदोचा भात, तरोट्याची भाजी. सांजच्याले नाचणीची भाकर अन् वास्त्याची, म्हंजे बांबूच्या कोंबाची भाजी. तेल बिलकुल नाई. म्हणते, जंगलातलं अस्सल पाह्यजे. आता हे मले कुठी भेटन?"

मंगली बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिली. ती सातवीपर्यंत शिकली होती. "हे तं आमच्या घरचं जेवण होय," ती म्हणाली. "तुमाले हे काऊन देऊन राह्यले?"

"वजन कमी कराले! याच्यानं मानूस बारीक होते, असं शास्त्रानं सिद्ध झालं. तुमी नशीबवान हा बाई. पाहा, तुमी सारे कसे सडपातळ!"

मंगलीने गुणवंतरावांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सुकरीकडे. तिच्या मनात काहीतरी जुळलं. ते काय जुळलं, हे त्या वेळी रंजीताच्या लक्षात आलं नाही.

दुपारी दीडला नंबर लागला. स्वाती मॅडम तिशीतल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सकाळपासून चहासुद्धा न घेतलेल्या. सुकरीला पाहताच त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"हिला वजनघटीत कोणी घातलं?"

भैयाजी दारातून अभिमानाने म्हणाले, "पहिला नंबर आहे मॅडम."

स्वाती मॅडमनी सुकरीच्या दंडाला पट्टी लावली, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. मग त्या संगणकाकडे वळल्या. संगणकात मंजूर झालेले दोनच तक्ते होते, एक वाढीचा, एक घटीचा. त्यांनी वाढीचा छापून दिला. त्यात सफरचंद होतं, पनीर होतं, बदामपूड, ओट्स आणि एक कप सुकामेवा होता. तो राजधानीत बसून कुणीतरी प्रेमाने तयार केला असावा. कागद देता देता त्या रंजीताच्या कानाशी वाकल्या.

"हे राहू द्या. घरची जावाच द्या, घट्ट करून, त्यात दोन चमचे तेल घाला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं असलं तरी चालेल. रोज एक अंडं. दर दोन तासांनी थोडं थोडं. कळलं?"

"मंग हे लिहून द्या ना मॅडम."

"लिहून देता येत नाही. मंजूर तक्त्याबाहेर लिहिलं की मला खुलासा द्यावा लागतो." आणि त्यांनी हाक मारली, "चौसष्ट!"

रंजीताने बसमध्ये मंगलीला दोन्ही सांगितलं. तक्ता वाचून दाखवला आणि मॅडम तोंडी काय म्हणाल्या तेही सांगितलं. मंगली मान हलवत राहिली. मग म्हणाली, "पण बाई, कागदावर तं जावा नाई. जावा त्या लठ्ठ भाऊच्या कागदावर हाये."

रविवारी कुडेटोल्यात एक पांढरी गाडी आली. गुणवंतराव पत्ता काढत काढत आले होते. डिकीत खोकी होती. डॉक्टरीणबाईंनी जे जे खायला बंदी केली, ते ते सगळं त्यांच्या घरात शिल्लक पडलं होतं : क्रीमची बिस्किटं, खारी, टोस्ट, बदामाची बिस्किटं. "फेकाले जीवावर येते," ते म्हणाले. "तुमी घ्या, अन् मले घरची कुटकी द्या." मंगलीने धान्याची ढोली रिकामी केली. शेजारणींनीही केली. गुणवंतरावांनी सगळ्यांना हात जोडून जोहार केला. गाडी गेली तेव्हा दोन्ही पक्षांना आपण दुसऱ्याला गंडवलं असं वाटत होतं, आणि म्हणून दोन्ही पक्ष खूश होते.

बिस्किटाच्या पुड्यावर बदामाचं चित्र होतं. तक्त्यात बदाम लिहिले होते. मंगलीने चूक काही केली नाही. शिकलेल्या माणसांनी जे कागदावर लिहून दिलं ते तिने दिलं, आणि ज्याने मानूस बारीक होते ते बंद केलं. सुकरी काळ्या चहात बुडवलेलं बिस्किट आवडीने चोखत असे. कितीतरी दिवसांनी लेक काहीतरी मागून खाते आहे, म्हणून मंगली सासूला सांगत होती, "पाय, मॅडमचा कागद लागू पडला."

तीन आठवड्यांनी रंजीताने तिला झोळीत बसवलं. सहा किलो तीनशे.

"काय देऊन राह्यली तू हिले?" रंजीता ओरडलीच.

मंगलीने पुडा दाखवला, तक्ता दाखवला, बदामावर बोट ठेवलं. "तुमीच तं वाचून दाखोलं बाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच रंजीताला ते सहन झालं नाही. ती उठून अंगणवाडीच्या मागे गेली, हापशीवर तोंड धुतलं आणि मग परत आली.

ॲपमध्ये आकडा टाकताच लाल चौकोन आला आणि त्यात शब्द उमटला : 'पात्र.'

तिने फोन लावला. "मॅडम, सहा किलो तीनशे."

"झाली का पात्र? अभिनं..." नीलिमा मॅडम बोलता बोलता थांबल्या. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "लवकर ने गं तिला. बसची वाट नको पाहू. कुणाची तरी गाडी बघ."

गावातल्या एका पोराच्या मोटारसायकलवर त्याच्यामागे तिघी बसून गेल्या. पुनर्वसन केंद्रात दहा खाटा होत्या. आठ रिकाम्या होत्या, कारण तालुका निरंक होता. भरतीची नोंदही भैयाजीच घेत. त्यांनी सुकरीचा क्रमांक टाकला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, संगणक नाही म्हणतो. 'सदर लाभार्थी सडपातळ जिल्हा अभियानात समाविष्ट असून प्रगती उत्कृष्ट आहे. एकाच वेळी वजन वाढवणे व घटवणे या दोन योजनांचा लाभ देय नाही.'"

"मंग अभियानातून नाव काढा."

"ते महिनाअखेरीशिवाय निघत नाही. अन् पहिल्या नंबरचं नाव तर जिल्ह्याच्या परवानगीशिवाय..."

"भाऊ," मंगली पहिल्यांदाच भैयाजींशी बोलली, "हे डोळे उघडून नाई राह्यली."

भैयाजी उठले. त्यांच्या नोकरीत कागद न देता खुर्चीतून उठण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते जवळजवळ पळतच स्वाती मॅडमना घेऊन आले. स्वाती मॅडमनी सुकरीला मंगलीच्या हातून घेतलं.

"खाट रिकामी आहे ना?"

"आठ आहेत मॅडम. पण संगणक..."

"त्याला खाटेवर झोपायचंय का?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. भरतीचा कागद त्यांनी कोऱ्या पानावर हाताने लिहिला. सही करताना त्यांना आपला खुलासा काय असेल हे ठाऊक होतं, तरी त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. चमच्याने थेंब थेंब दूध, नाकातून नळी, मंगलीचा डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी सुकरीने मान उचलली. आठव्या दिवशी स्वाती मॅडम म्हणाल्या, आता घरचं सुरू करा, जावा करा. कुडेटोल्यात कुटकी उरली नव्हती. भैयाजींनी गुणवंतरावांना फोन केला. त्यांना कुटकीचा चार दिवसांतच कंटाळा आला होता. पोतं तसंच पडलं होतं, ते त्यांनी आणून दिलं. मंगलीने केंद्राच्या स्वयंपाकघरात घट्ट जावा केली, वरून तेल सोडलं, अंडं कुस्करलं. सुकरीने पहिला चमचा गिळला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्याला मंगलीचा हात उशीर करतोय असं पाहून वाटीच ओढली. जावा मंगलीच्या लुगड्यावर सांडली. मंगली हसायला लागली ती थांबेचना, आणि तिच्याकडे पाहून रंजीताही.

एकविसाव्या दिवशी सुकरी सात किलोची होऊन घरी आली.

त्यानंतर आठवड्याने रंजीताला टपाल आलं. 'आपल्या कार्यक्षेत्रातील सडपातळ जिल्हा अभियानातील लाभार्थी कु. सुकरी दसरू नैताम हिचे वजन अभियान काळात सातशे ग्रॅमने वाढल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वाढ कोणाच्या परवानगीने झाली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही, असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

रंजीताने खुलासा लिहायला घेतला. तापापासून सुरुवात केली, काटा, बस, स्वेटर, शिक्का, तक्ता, बिस्किटं असं सगळं लिहिलं. चार पानं झाली. वाचून पाहिली, आणि फाडून चुलीत घातली. मग नव्या कागदावर विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि खाली दोनच शब्द लिहिले : 'मुलगी जेवली.'

"हे असं कसं वर पाठवू?" नीलिमा मॅडम म्हणाल्या. "कारणाचा क्रमांक टाक ना काहीतरी."

"जेवणाचा क्रमांक नाई मॅडम."

नीलिमा मॅडमनी तो कागद दोनदा वाचला, फाइलमध्ये ठेवला आणि फाइल कपाटात ठेवली. त्यांना जेवढं धाडस करता येत होतं, तेवढं त्यांनी केलं. स्वाती मॅडमच्या कोऱ्या कागदाची चौकशी मात्र सुरू आहे.

इकडे अभियानाचा अहवाल वजन वाढण्याआधीच्या आकड्यांवर तयार होऊन गेला होता. तो एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आला. मथळा होता, 'जंगलातला आहार, महिन्यात सव्वाअकरा टक्के वजनघट!' खाली कोदो, कुटकी, तरोटा, तेलाला संपूर्ण रजा असा तक्ता होता, आणि हा प्रयोग एका ग्रामीण महिला लाभार्थीवर कमालीचा यशस्वी ठरल्याचं नमूद केलं होतं. तिचं नाव गोपनीयतेच्या कारणास्तव दिलेलं नव्हतं. वयही नव्हतं.

ते कात्रण बऱ्याच जणांनी जपून ठेवलं. तुम्हीही ठेवलं असेल. नाही तर कुणीतरी तुम्हाला सकाळच्या शुभेच्छांबरोबर पाठवलं असेल. मग तुम्ही कुटकीचं पाकीट मागवलंत. जंगलातलं अस्सल आहे ना, हे दोनदा विचारून घेतलंत, आणि पहिला घास घेताना म्हणालात, या लोकांचं बाकी छान असतं, मुळी सुटतच नाहीत. सुकरी आता साडेसात किलोची झाली आहे, भिंतीला धरून चालते आणि जेवायला उशीर झाला की सगळ्या टोल्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडते.

तुमचं किती उतरलं?